दुसऱ्या चाकाचं ग्रीस

सकाळी शेडच्या दारात भाऊजी येऊन उभे राहिले, तेव्हा मिस्त्रीने त्यांना आधी ओळखलंच नाही. गुडघ्यापर्यंत चिखल, वाढलेली दाढी, उतरलेला चेहरा. थोरल्या बहिणीचा ताठ मानेचा नवरा तो हाच का, असं वाटावं.

दोघांत कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ताई आली नाही. वर जंगलात लाकडाच्या तळावर कामाची घाई आहे, पाठवता येणार नाही, एवढाच भाऊजींचा निरोप आला. आई दाराकडे डोळे लावून गेली. तेव्हापासून मिस्त्रीने त्या घराचं नाव टाकलं होतं.

"तुझ्या ताईला श्वास घेता येत नाहीये," भाऊजी म्हणाले. "पूल खचलाय. अँब्युलन्स ओढ्याच्या अलीकडूनच परत गेली. मी चालत आलो. तुझा ट्रक ओढा पार करेल ना?"

ट्रक लष्कराच्या लिलावातला. गल्लीतली माणसं त्याला कर्नल म्हणत. रिटायर झाला तरी ओरडायची खोड काही गेली नव्हती. इंजिन दणकट होतं. पण ओढ्यातून जायचं तर मागच्या चाकांवर भागणार नव्हतं, पुढच्या चाकांनीही ओढायला हवं होतं. आणि पुढच्या अ‍ॅक्सलचे जॉइंट कोरडे पडले होते. चाक वळवलं की कटकट ऐकू यायची. आज करू, उद्या करू म्हणत मिस्त्रीने ते काम मागे टाकलं होतं.

"ग्रीस भरतो, मग निघू," तो म्हणाला.

"अरे, ग्रीसचं काय घेऊन बसलास? तिकडे तिचा जीव—"

"ओढ्याच्या मधोमध जॉइंट तुटला तर आपण ना इकडचे ना तिकडचे. केबिनमध्ये चढा. सांगेन तसं स्टिअरिंग फिरवा."

डाव्या चाकामागे डोक्याएवढा लोखंडी गोळा होता, जॉइंट त्याच्या आत. मिस्त्रीने खालचा बोल्ट काढला तसं राखाडी पाणी भळभळा वाहिलं, मग फेसाळलेलं जुनं ग्रीस. आत किती दिवस पाणी मुरलं होतं कोण जाणे. तो मनात स्वतःला शिव्या घालत होता. डिझेलने आतलं धुतलं, चिंधीने पुसलं, बोल्ट लावला आणि वरच्या भोकातून नवं ग्रीस भरायला घेतलं.

"डावीकडे."

वर स्टिअरिंग करकरलं.

"पूर्ण. आता उजवीकडे."

एवढंच बोलणं. बऱ्याच वेळाने गाडीखालून मिस्त्रीने विचारलं, "खाते का काही?"

"काल पेज घेतली थोडी. तुझं नाव काढत होती. म्हणाली, त्याला सांगू नका, उगाच धावत येईल."

मिस्त्रीचा हात ग्रीसगनवर क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू लागला.

उजव्या बाजूचं ग्रीस भरायचं बारीक तोंड, निपल, चिखलाने बुजलं होतं. तो तारेने ते कोरत होता, तेवढ्यात त्याची बायको घरातून आली. हातात फोन. ती दोघांपैकी कुणाकडेच बघेना.

"काय झालं?" भाऊजींनी वरून विचारलं.

"तळावरच्या शेजारणीचा फोन होता," ती म्हणाली. "वन्सं गेल्या. मघाशीच."

भाऊजी केबिनमधून उतरले आणि टायरला टेकून खाली बसले. मिस्त्री गाडीखालून बाहेर आलाच नाही. तार निपलमध्ये फिरत राहिली.

"आता कशाला ते?" भाऊजी म्हणाले.

"तिला खाली आणायला नको?"

बायकोने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. कुणी हात लावला नाही. मग मिस्त्रीच्या तोंडून निसटलंच, "आईच्या वेळी पाठवलं असतंत, तर निदान मी येत-जात राहिलो असतो. आज ही वेळ..."

"मी अडवलं नव्हतं रे," भाऊजी म्हणाले. "सामान बांधून दिलं होतं मी. तीच उंबऱ्यावरून माघारी फिरली. म्हणाली, आईला तशी बघवणार नाही मला. भावाला सांगा, तुम्हीच पाठवलं नाही."

मिस्त्रीने जमिनीवर डोकं टेकलं. खरं असेल? ताई लहानपणी साधं रक्त बघून डोळे मिटून घ्यायची, हे त्याला आठवलं. पण भाऊजी आज काहीही बोलले असते. विचारायचं कुणाला? विचारण्यासारखं माणूस तर वर निजलं होतं.

"चढा," तो म्हणाला. "उजवीकडे फिरवा."

भाऊजी चढले. स्टिअरिंग फिरलं.

ओढ्यात पाणी बंपरपर्यंत आलं, तरी ट्रक कुठे अडला नाही. पुढची चाकं दगडागोट्यांतून मुकाट ओढत राहिली. परतताना भाऊजी मागे ताईजवळ बसले. केबिनच्या मागच्या जाळीतून ते एकदाच बोलले, "जरा हळू घे, तिला धक्के बसतात." मिस्त्रीने वेग कमी केला. त्याला रस्ता नीट दिसत नव्हता.

सगळं उरकल्यावर त्याने भाऊजींना वरच्या तळावर सोडलं. दोघं तिच्या चुलीपाशी थोडा वेळ उभे राहिले. मिस्त्रीला म्हणायचं होतं की माझं चुकलं. पण चुकलं नसेल तर काय, तेही त्याला ठरवता येईना.

"येत जा खाली," तो एवढंच म्हणाला.

"बघू," भाऊजी म्हणाले.

ते आले नाहीत. दोन-तीनदा मिस्त्रीने वर जायचं ठरवलं, बायकोने डबाही भरून दिला. पूल दुरुस्त झाला होता, आता कुठलीही गाडी गेली असती. पण प्रत्येक वेळी शेडमध्ये एखादं काम निघायचं, आणि डबा तो दुपारी तिथेच बसून खायचा.