नदीला दिलेला आवाज

धाकटी बहीण गेली तेव्हा मावशी आपलं रफूचं काम उचलून तिच्या घरी राहायला आली. घरात दोनच माणसं उरली होती, धाकटीचा नवरा आणि सात वर्षांची लेक. लेकीला सगळे चिमणी म्हणत, कारण तिची टकळी दिवसभर चालू असे. ती चिमणी आता एक अक्षर बोलत नव्हती.

सुरुवातीला कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. दुसऱ्या एखाद्या घरात पहिल्याच दिवशी धावाधाव झाली असती. पण मावशीचा जुना नेम होता, सकाळी उठल्यापासून पूजा होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि गप्प बसलेल्या माणसाला छेडायचं नाही हे तिच्या येण्याजाण्याने घरात सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. चिमणीचे बाबा म्हणाले, मावशीवर गेलीय, बसू दे तिला. असे आठवडे गेले. मग शाळेतून बोलावणं आलं. डॉक्टरांनी घसा पाहिला, कान पाहिले, सगळं ठणठणीत. हे जितकं लांबेल तितकं मागे फिरणं अवघड, एवढं मात्र त्यांनी दोनदा सांगितलं.

कारण मावशीलाच कळलं, आणि तेही मोरीत. चिमणी वाहत्या नळाखाली वाकून आ करून उभी होती, एक हात गळ्यावर. मावशीने ते कुठे पाहिलंय हे आठवायला वेळ लागला नाही. रोज दुपारी बाहेरच्या खोलीत तो चित्रपट लागायचा. धाकटीने ज्या स्टुडिओत चित्रं रंगवली, तिथला लहान मुलांचा ॲनिमेशन चित्रपट, आणि त्यातली नदी अख्खी धाकटीच्या हातची. त्यात एका मेंढपाळाची मुलगी हरवलेल्या आईसाठी अशीच वाकून, आ करून आपला आवाज नदीला देते. काठावरच्या वठलेल्या झाडाला पालवी फुटेपर्यंत बोलायचं नाही, ही नदीची अट. मुलगी ती पाळते, आणि आई पाण्यातून चालत बाहेर येते.

"आई यावी म्हणून?" मावशीने नळ बंद करत विचारलं.

चिमणीने होकाराची मान हलवली. मग खिडकीकडे बोट केलं. रस्त्यापलीकडचं झाड अजून उघडंबोडकं होतं.

एक दिवस त्या झाडाला पालवी फुटणार होती. आणि पाण्यातून कुणी येणार नव्हतं.

बाबांना सांगितलं तर ते ताडकन उठले, चित्रपट पुसून टाकतो म्हणाले. रिमोट हातात घेतला, बटणावर अंगठा ठेवला, आणि तसेच उभे राहिले. पडद्यावर ती नदी होती.

"काल मी तिच्यावर हात उगारला, ताई," ते म्हणाले. "बोल म्हणून. तिने डोळे मिटले आणि गाल पुढे केला."

मावशीने त्यांच्या हातातून रिमोट काढून घेतला. तिची अडचण वेगळीच होती. दुसऱ्याला व्रत मोडायला लावणं तिच्याने होण्यासारखं नव्हतं, आणि पोरीने जे धरलं होतं ते व्रतच होतं, मग ते कुणीही शिकवलेलं असो. पण ज्या गोष्टीवर ते उभं होतं ती गोष्टच विरली, तर पोर आपणहून ते खाली ठेवेल, असं तिला वाटलं. म्हणून ती स्टुडिओत गेली.

धाकटीच्या टेबलावर आता दुसरीच मुलगी ढग रंगवत होती. दिग्दर्शकाला तिथे सगळे दाढी म्हणत. दाढीने मावशीला खुर्ची दिली, स्वतः खिडकीच्या कट्ट्यावर बसला. गोष्टीत चुका आहेत का, असं तिने हळू आवाजात विचारलं. तो हसला. चुका कसल्या, म्हणाला, गोष्टीची चाळण झालीय. त्यांच्याकडे आधी सुंदर चित्रं काढायची आणि मागून गोष्ट ओवायची अशी रीत पडली होती. मुलगी आवाज देऊन टाकते आणि पुढच्याच प्रसंगात माशांना अंगाई गाते, कारण अंगाईचा प्रसंग वर्षभर आधी तयार होता. आई पाण्यातून येते ती कोरड्या केसांनी. पाण्याखाली कंदील जळतो. गरुड डोंगर ओलांडून नेऊ शकत होता, तरी बिचारी अर्धा चित्रपट पायी चालते.

"आणि कुणी बोललं नाही?"

"तुमच्या बहिणीने नदी अशी काही रंगवली की आम्ही सगळे पाण्याकडेच बघत बसलो."

आपण हे का विचारतो आहोत ते मावशीने मग सांगितलं. दाढी कट्ट्यावरून उतरला. मावशी निघाली तेव्हा तो दारापर्यंत सोडायला आला आणि तिथेच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी चिमणीजवळ सतरंजीवर बसली. मांडीवर कुणाचा तरी कोट, हातात सुई. गरुड आला तेव्हा ती म्हणाली, हा मेला घेऊन का जात नाही गं तिला? चिमणीने दोन्ही हात पसरले, मग चिमटीएवढं अंतर दाखवलं. गरुड लहान आहे अजून. बरं, हा कंदील विझत कसा नाही? चिमणीने खांदे उडवले, पण डोळे चमकले. कोरड्या केसांवर तिने वर बोट करून ऊन दाखवलं. एवढ्यात वाळतात होय, मावशी म्हणाली, माझे तर दुपारपर्यंत ओले असतात. चिमणी आवाज न करता हसली. कितीतरी दिवसांनी हसली. चित्रपट संपून पुन्हा सुरू झाला, अंगाई आली. मावशीला पुढचं विचारू नये असं वाटलं, आणि तरी तिने विचारलं.

"आवाज तर दिला ना नदीला? मग आता गाते कशी?"

पडद्यावर मुलगी माशांमधून पोहत गात होती. चिमणीने हात उचलला, खाली ठेवला. ओठांकडे बोट नेलं, पाण्याकडे नेलं, पुन्हा ओठांकडे. मावशीला कळेना. चिमणी कासावीस झाली.

"ती नाही गात," गंजल्यासारख्या आवाजात ती म्हणाली. "तिची आई गाते. ती नुसते ओठ हलवते."

स्वयंपाकघरात भांडं पडलं. बाबा साबणाच्या हातांनी धावत आले, हसत आणि रडत, बोलली, बोलली, पुन्हा बोल गं म्हणत. चिमणीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. बोटं पांढरी पडली होती. मग हात गळून पडले.

"मोडलं," ती म्हणाली.

बाबा जागच्या जागी थांबले.

"तू नाही मोडलंस," मावशी म्हणाली. "मी मोडायला लावलं. त्याचं जे व्हायचं ते मला होऊ दे."

"मग आई तरी येईल ना? चूक तुझी आहे तर?"

आई देवाकडे गेली, असंच घरात सगळ्यांनी सांगितलं होतं. मावशीनेही. गेलेलं माणूस परत येऊ शकतं, हा अर्थ त्यातून निघतो, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"नाही गं," मावशी म्हणाली. "तू बोलली नसतीस तरी आली नसती. ती मेली, चिमणे. मेलेलं माणूस येत नाही."

चिमणीने तिच्या छातीवर मुठी मारल्या. खोटं बोलतेस, म्हणाली, तू घाण आहेस, तू जा तुझ्या घरी. मग ती मोठ्याने, घसा फोडून रडायला लागली. बाबा खाली बसले, त्यांना तिला जवळ घ्यायचं होतं, पण हात साबणाचे होते म्हणून ते अधांतरी धरून बसले. मावशी मुठी अंगावर घेत राहिली. मांडीवरचा कोट खाली घसरला, सुई कुठेतरी पडली, आणि चिमणी ओरडून ओरडून एकच विचारत होती, मग मला आधी का नाही सांगितलं.