घरून लिहिलेलं शून्य

सात वाजून दहा मिनिटांनी संजीवनीने सासऱ्यांना जेवणाआधीची गोळी दिली. गोळीनंतर अर्ध्या तासात पोटात अन्न जायला हवं, नाहीतर रक्तातली साखर घसरते, हे शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईला कोणी सांगावं लागत नाही. साडेसातला तिने पलंगापाशी उभ्या उभ्याच डोळे मिटले, प्रभूने शिकवलेली प्रार्थना म्हटली, आमेन म्हटलं आणि वरणात कुस्करलेल्या पोळीचा चमचा माणिकरावांच्या तोंडाशी नेला.

माणिकरावांनी तोंड उघडलं नाही.

"मामाजी, आऽ करा."

त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

नाताळाच्या आधी त्यांना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरला एकच शब्द, होकाराचा 'हाव', तोही त्यांच्या मनात आला तरच. त्याआधी चाळीस वर्षं नांदुऱ्याच्या या घरातली संध्याकाळची प्रार्थना त्यांचीच असे. बायबलमधला एक उतारा, एक गीत आणि मग नावं. शेजारच्या जनकाबाईचा गुडघा, मुलगा हर्षल चालवतो त्या एसटीचे ब्रेक, जे आठवेल ते देवापुढे मांडायचे. आता ते काम संजीवनीकडे आलं होतं. हर्षल आठवड्यातले चार दिवस मुक्कामी गाडीवर. तिची शाळा दहा ते पाच, त्याआधी सासऱ्यांची आंघोळ, त्यानंतर चादरी. सुरुवातीला ती उतारासुद्धा वाचायची. मग उतारा गेला, मग गीत, मग नावं. मागच्या आठवड्यात तिने सहज घड्याळाकडे पाहिलं, तर अख्खी प्रार्थना अठरा सेकंदांत झाली होती.

सात पस्तीस. माणिकरावांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. तिने हर्षलला फोन लावला.

"बाबा जेवून नाही राह्यले. अन् गोळी पोटात गेली."

"काऊन? प्रार्थना नाही झाली का?"

"झाली ना."

"एक्स्प्रेस का प्यासिंजर?"

तिने घड्याळाकडे पाहिलं.

"बाबाले एक्स्प्रेस नाही चालत, संजू. त्याईले हरेक ठेसनावर थांबा लागते."

"मंग या अन् तुमीच थांबा," म्हणून तिने फोन ठेवला.

साखरेचं पाणी करून आणलं. त्यांनी ओठ आणखी घट्ट दाबले. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं.

"मामाजी, जीव जाईन तुमचा!" ती ओरडली.

तेव्हा त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. ही नजर तिने पूर्वी एकदा पाहिली होती.

माणिकरावांनी एकतीस वर्षं गावाबाहेरच्या सरकारी बीजफार्मवरचं पर्जन्यमापक वाचलं होतं. रोज सकाळी साडेआठला जायचं, नळीतलं पाणी मोजायचं, वहीत आकडा टाकायचा. संजीवनीच्या लग्नाच्या वर्षी त्यांना ताप आला, आणि बी.एस्सी. सून म्हणून त्यांनी वही मोठ्या कौतुकाने तिच्या हाती दिली. तीन दिवस ती गेली. चौथ्या दिवशी आभाळ लख्ख होतं, पोळ्या व्हायच्या होत्या. तिने घरीच वहीत ०.० लिहिलं. पाचव्या आणि सहाव्या दिवशीही लिहिलं. ताप उतरल्यावर माणिकराव गेले, तर नरसाळ्याच्या तोंडात कुंभारमाशीने चिखलाचं घर बांधून ठेवलेलं. त्यांनी तिन्ही शून्यांवर लाल रेघ मारली आणि अशाच नजरेने तिच्याकडे पाहिलं.

"पण पाऊस नव्हताच ना, मामाजी," ती म्हणाली होती.

"नव्हता. मीबी शून्यच लेहलं असतं. पण पाहून लेहलेलं शून्य येगळं अन् घरून लेहलेलं येगळं. पाहून लेहलेलं चालते, बेटा. सालभर शून्य आलं तरी चालते."

संजीवनीने चमचा वाटीत ठेवला. आत जाऊन गॅस बंद केला आणि स्टूल ओढून पलंगापाशी बसली.

"देवा," ती म्हणाली.

पुढे काही सुचलं नाही. रोज त्या जागी ती पाठ केलेले शब्द भरून पुढे जायची. आज थांबली आणि आत पाहिलं.

"देवा, आत काहीच नाही. पाहून सांगून राह्यली. तुह्याशी बोलावं वाटत नाही. लय थकली मी. या माणसाचा मले राग येते, अन् तो हा इथंच आयकून राह्यला." तिने माणिकरावांच्या गळ्यावरचं साखरेचं पाणी पुसलं. "यांच्या एसटीचे ब्रेक सांभाळ. जनकाबाईच्या गुडघ्याकडे पाह्य. मामाजीले जेवू दे. येवढंच."

आमेन म्हणायचं ती विसरली.

"हाव," माणिकराव म्हणाले.

ते नेमकं कशाकशाला होतं, त्यांच्यावरच्या रागालाही होतं का, हे तिने विचारलं नाही. चमचा पुढे केला. तोंड उघडलं. सात अठ्ठेचाळीस. आधी साखरेचं पाणी, मग पोळी. सहाव्या चमच्याला तिने त्यांच्या कपाळावर हात ठेवून पाहिला. घाम थांबला होता.

तिला हलकं वगैरे काही वाटलं नाही. पाठ तशीच दुखत होती, टेबलावर नववीच्या बावीस वह्या तशाच तपासायच्या पडल्या होत्या, वरण गार झालं होतं.

"उद्याबी असंच असन, मामाजी," ती म्हणाली. "काहीच नसन."

"हाव," ते म्हणाले आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.