धारला कॉमिक्स बघायला

अंशुलच्या काकाचं धारच्या बसस्टँडजवळ कॉमिक्स भाड्याने द्यायचं दुकान होतं. ते बंद झालं तेव्हा सगळा माल घरी आला: हिंदीतली भुताची कॉमिक्स, पत्र्याच्या पेट्या भरून. त्यांच्यामुळेच अंशुलची आणि माझी ओळख झाली. मी देवासला एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत असते. दिवसभर गोळ्या विरघळायला किती वेळ लागतो ते मोजते आणि संध्याकाळी भुताचे सिनेमे बघते. त्याने एका ग्रुपवर उलट्या पायांच्या चुडैलीचं पान टाकलं होतं. मी खाली लिहिलं, "हिचा डावा पाय सुलटा आहे." तिथून वर्षभर आमच्या गप्पा चालल्या होत्या. शेवटी तो म्हणाला, एखाद्या रविवारी येऊन पेट्याच बघ ना.

मी एकटीच जाणार होते. पण बाबा म्हणाले, "परक्या घरी एकटी कशी जाणार? आम्हीही येतो. येताना मांडू बघू." आई म्हणाली, "रिकाम्या हाताने जायचं का?" आणि तिने पेढे घेतले. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, बाबा नोकरीसाठी देवासला आले. अंशुलचं घराणं संस्थानी दरबाराच्या काळापासून धारमध्ये आहे. या दोन मराठ्यांत बोलण्याचाच काय तो थोडा फरक असतो, अशी माझी समजूत होती.

घर नवं होतं, आतून पिस्ता रंगाचं. अंशुलच्या आईने, कल्पनाकाकूंनी, पेढ्यांचा पुडा दोन्ही हातांनी घेतला, देवापुढे ठेवला आणि आजोबांकडे बघितलं. आजोबांना घरात सगळे तात्यासाहेब म्हणतात. ते बाबांना म्हणाले, "बसावं. आपलंच घर आहे."

मी वर पळाले.

त्या खोलीत मला फार सुख मिळालं. जुन्या स्वस्त छपाईत प्रत्येक रंग वेगळा छापतात, आणि एक जरी ठसा सरकला तरी चित्राचं भलतंच होतं. एका पिशाच्चाच्या ओठांवरचं रक्त ओठांच्या शेजारी हवेत लटकलं होतं. एका हवालदाराचा चेहरा हिरवा होता आणि मागचं प्रेत छान गुलाबी. अंशुल एकेक पान पुढे करायचा आणि मी भिंग लावून ठिपके बघायचे.

"हा घाबरलाय की याला ताप आहे?" मी विचारलं.

"याचं लग्न ठरलंय," तो म्हणाला आणि आम्ही दोघं खिदळलो.

तेवढ्यात त्याची धाकटी बहीण गुड्डी एक ओढणी घेऊन वर आली. "शिवानीदीदी, ही घ्या. आईने दिलीय. खाली ओटी भरायची आहे तुमची."

"माझी? अगं, माझं लग्न कुठे झालंय?"

"वही तो!" ती हसली. "कुमारिकेची ओटी एकदाच भरतात ना आपल्यात. मुलगी पसंत केली की. शिखावहिनीची पण इथेच भरली होती. मग पक्कं. तारीख नंतर काढतात."

ती खाली गेली. मी अंशुलकडे बघितलं.

"तुला माहीत होतं?"

"आत्ताच कळलं. तुम्ही तिघं पेढे घेऊन उतरलात ना, तर आईला वाटलं... मी काय बोलणार यार? सगळे इतके खुश आहेत."

"मग आता जाऊन सांग."

"तात्यासाहेबांसमोर? तू आत्ता बसून घे ना. बाद में देखते हैं." मी मघापासून ज्या अंकावरून नजर काढत नव्हते, तो त्याने माझ्या हातात दिला. "हा ठेव तुला."

मी तो पेटीवर परत ठेवला.

कॉमिक्समध्ये धोका जवळ आला की चौकटीची पार्श्वभूमी जांभळी होते. मी खाली आले तेव्हा भिंत पिस्ता रंगाचीच होती. पाट मांडला होता, भोवती रांगोळी होती. ताटात तांदूळ, खण आणि नारळ होता. आईचा चेहरा फुलला होता. "बघ, किती हौशी माणसं! पहिल्यांदा घरी आलेल्या मुलीची ओटी भरतायत." आमच्या कॉलनीत निघताना कुणाच्याही पदरात मूठभर तांदूळ घालतात, त्याचं पुढे काही होत नाही. बाबा खुर्चीत फोन काढून फोटोच्या तयारीत बसले होते.

दार उघडं होतं. माझ्या चपला दिसत होत्या. कुणी मला धरलं नव्हतं. काकूंनी खांद्यावर नुसता हात ठेवला, आणि तो इतका मऊ होता की मी पाटावर बसले. गुड्डीने माझ्या खांद्यावर ओढणी घातली. काकूंनी कुंकू लावलं, नारळ उचलला आणि म्हणाल्या, "पसर गं."

ओढणी आपल्या हातांनी पसरावी लागते. मी हात मांडीवरच ठेवले.

"काकू, ओटी भरली की तुमच्याकडे काय ठरतं, ते आधी आईबाबांना सांगाल?"

"आता ते काय सांगायचं?" काकू हसल्या. "मुलगी आमची झाली. त्यासाठीच तर आलात तुम्ही."

बाबांचा फोन खाली आला. "आम्ही कॉमिक्स बघायला आलोय," ते म्हणाले.

"आईवडिलांसकट?" तात्यासाहेबांनी विचारलं. "पेढे घेऊन?"

मग आई माझ्या कानाशी वाकली. "आत्ता भरून घे. घरी गेल्यावर बघू. त्यांचा अपमान होतो गं."

तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. आता या खोलीत माझ्या बाजूचं कुणीच उरलं नव्हतं, आणि वाईटही कुणी नव्हतं.

"अंशुल, तू सांग."

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. तो फरशीकडे बघत होता. "मला काही हरकत नाही," तो म्हणाला.

"मला आहे," मी म्हणाले आणि पाटावरून उठले.

काकू नारळ धरून तशाच उभ्या राहिल्या. त्या ताटाकडे वळल्या, तेव्हा तात्यासाहेब हळूच म्हणाले, "ओटीचा नारळ ताटात परत ठेवत नाहीत, सूनबाई." त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसती अडचण होती. बाबा खुर्चीतून अर्धे उठले होते, ते परत बसले. त्या नारळाची सोय झाल्याशिवाय कुणालाच हलता येत नव्हतं.

शेवटी काकू म्हणाल्या, "गुड्डी, फोड हा. देवाला दाखव."

आतून दगडावर आपटल्याचा आवाज आला. गुड्डी ताटलीत तुकडे घेऊन आली. प्रसाद टाकून उठता येत नाही, हे मात्र दोन्ही घरांत सारखंच होतं. आम्ही सगळे गोल बसून खोबरं खाऊ लागलो. नारळ जून होता, चावायला वेळ लागत होता. बाबांची दाढ दुखते, ते एकच तुकडा इकडून तिकडे फिरवत होते. अंशुल माझ्या समोर बसून खात होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

"साखर आणू का?" काकूंनी कुणाकडेच न बघता विचारलं.

"नको, गोड आहे," आई म्हणाली.

माझा तुकडा संपला. काकूंनी ताटली पुढे केली. मी हात पुढे केला नाही.

"घे," त्या म्हणाल्या. "आता नुसतं खोबरं आहे."

मी घेतलं.