खिडकीत राहिलेली नळी

मी एक जुने प्रथिन आहे. तुम्ही म्हणाल, डोळ्यांना न दिसणारी वस्तू जुनी कशी होईल? खरे आहे, मित्रांनो. आमचे आयुष्य फार थोडे. पण मी दवाखान्यात रक्त भरून ठेवलेल्या एका छोट्या नळीत गोठून पडले, म्हणून टिकले.

माझा जन्म शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या शरीरात झाला. त्या कापड कापण्याआधी त्यावर कागदी नमुना ठेवत. शरीरातही तसेच असते. जनुक म्हणजे कागदी नमुना आणि त्यावरून शिवलेला कपडा म्हणजे मी. बाईंच्या बोटात सुई टोचली की मी तिथल्या पेशींना सांगायचे, "वाढा, जखम बुजवा." जखम बुजली की गप्प बसायचे. बाईंचे बोट पुन्हा शिवायला लागे, तेवढे कौतुक मला पुरत असे.

पण त्या नमुन्यात जन्मापासून एक चूक दडलेली होती. उतारवयात ती बाईंच्या पोटात उघडी पडली. तिथे आम्ही थांबेनाच. जखम नव्हती, तरी "वाढा, वाढा" म्हणत राहिलो. तिथे गाठ धरली. बाई गिऱ्हाइकांचे कपडे उसवून सैल करत आणि स्वतःचे मात्र टाके घालून आत घेत.

"आई, परत आवळतेस?" लेकीने विचारले.

"कापडच सैल पडलंय गं."

"कापड नाही, तू वाळली आहेस. चल दवाखान्यात."

मी रक्तात वाढले की गाठीचा संशय घ्यावा, हे डॉक्टरांना ठाऊक होते. आमचे तोंड बंद करणारे औषध शोधण्याचे कामही तिथे चालले होते. म्हणून बाईंना विचारून दोन नळ्या रक्त घेतले, एक तपासणीसाठी, एक संशोधनासाठी.

"एकावर एक फुकट का हो?" बाई हसल्या.

मी होते ती संशोधनाची नळी लगेच बर्फात गेली. तपासणीच्या नळीलाही बर्फच हवा होता, कारण उष्णतेने आम्ही मोडून जातो. तेवढ्यात तपासनिसाला हाक आली, "अरे ये लवकर, साहेबांच्या निरोपाचा केक कापतायत!"

"आलोच!" म्हणत त्याने नळी खिडकीत ठेवली. खिडकीत ऊन होते. परत आला तेव्हा नळी हाताला गरम लागली. तो क्षणभर थांबला. "एवढ्यानं काय होतंय," असे पुटपुटून त्याने ती यंत्रात घातली.

अहवाल चांगला आला. "बघ, म्हटलं नव्हतं? कापडच सैल!" बाई लेकीला म्हणाल्या. पोट दुखू लागले तेव्हा त्या पुन्हा आल्या, पण गाठ सगळीकडे पसरली होती. त्यानंतर त्यांच्या शिवणयंत्रावर कायमची चादर पडली.

पुढे ते औषध शोधणाऱ्या संशोधक बाईंनी माझ्या नळीतला एक थेंब तपासला आणि तपासनिसाला बोलावले. "इथं प्रमाण इतकं जास्त. तुझ्या अहवालात काहीच कसं नाही?"

तो खिडकीकडे पाहत राहिला. "ताई, नळी उन्हात राहिली होती. मला कळलं होतं."

जनुकाच्या नमुन्यातली चूक कधीकधी आईकडून लेकीकडे येते. म्हणून लेकीला सगळे सांगून बोलावून घेतले. आज तिचे रक्त काढले. तपासनिसाने बर्फाची पेटी छातीशी धरून यंत्रापर्यंत नेली. वाटेत कुणीतरी चहाला हाक मारली. त्याने मान वर केली नाही. ताडून पाहण्यासाठी मलाही बाहेर काढले.

लेकीचेही प्रमाण वाढलेले निघाले. पुढच्या तपासणीत गाठ दिसली.

"लहान आहे. काढता येईल," संशोधक बाई म्हणाल्या.

"आईचीही तेव्हा लहानच असेल ना?" लेकीने विचारले.



मित्रांनो, आमचे तोंड बंद करणारे औषध अजून सापडलेले नाही. तोवर निदान आमचे बोलणे नीट ऐकून घ्या. मी आता वितळते आहे, पुन्हा सांगायला उरणार नाही. उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुणाचे तरी रक्त, कुणाचे तरी काम तुमच्या हाती येईल. "एवढ्यानं काय होतंय," असे मनात आले, तर चादर पांघरलेले ते शिवणयंत्र आठवा.