मनूबियाच्या दारचा खिळा

मी एक खिळा बोलतोय. गंजका, वाकडा, निम्मा भिंतीत. ट्यूनिसच्या कडेला आमची गल्ली आहे, तिथे मनूबियाच्या दाराशेजारी मी सव्वीस वर्षं मुक्काम ठोकून आहे.

तय्यब गवंड्यानं ओळंबा टांगायला मला ठोकलं आणि काम संपल्यावर काढायचं विसरला. विसरभोळाच तो! दुसऱ्या दिवशी मनूबियानं शिळ्या पावाची पिशवी माझ्यावर अडकवली आणि मला काम मिळालं.

आमच्याकडे पाव कचऱ्यात टाकत नाहीत. खाली पडला तर उचलून ओठांना लावतात, कुठेतरी उंचावर ठेवतात. म्हणून कचरा डब्यात आणि पाव माझ्यावर. विकत घेताना मात्र कुणाचा हात आखडत नाही. सहा पाव आणतील, चार खातील. चालायचंच.

सकाळी हनिया हातगाडी घेऊन यायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. पाच मेंढ्या होत्या आणि त्या गल्लीतल्या या शिळ्या पावावर पोसल्या जायच्या. त्यांच्यावरच तिचं पोट.

"आज एवढाच, मावशी? मेंढ्या मला घराबाहेर काढतील!"

"काढू देत. तुझ्यापेक्षा त्याच अंगानं भरल्यात. जरा उपास घडू दे त्यांना!"

मनूबियाचा मुलगा शादली कचरा-नियोजनाच्या कचेरीत साहेब. पोरगा वाईट नाही, हे आधीच सांगतो. कचऱ्याचा डेपो भरत आला होता, त्याचं घाण पाणी विहिरींत उतरत होतं, आणि हे पाहून त्याला खरोखर झोप लागत नव्हती. चौदा गावांचा मिळून एक आराखडा झाला. ओला कचरा तपकिरी डब्यात, तिथून खतकारखान्यात. पाच वर्षांत डेपोवरचा कचरा निम्मा. पण त्यात शिळा पाव ओल्या कचऱ्यात धरला होता आणि भिंतीवरच्या पिशव्या अस्वच्छतेत. अरे शहाण्या, माझ्यावरचा पाव डेपोवर कधी जातच नव्हता! पण जे वजनकाट्यावर येत नाही ते यांना दिसत नाही.

"आई, पाव आता तपकिरी डब्यात टाकायचा."

"कचऱ्यात? हात झडतील माझे!"

"कचरा नाही गं तो. त्याचं खत होणार, त्या खतावर गहू. आणि माझ्याच दारात खिळा राहिला तर लोक काय म्हणतील?"

"आणि हनियाचं काय?"

"तिचंही बघू, पुढच्या टप्प्यात."

गल्लीतले सगळे खिळे निघाले. मी निघेना, तेव्हा कचेरीच्या मुकादमानं हातोडीनं मला भिंतीवर आडवा केला. दुखलं. खोटं कशाला बोलू?

पोराच्या शब्दाखातर मनूबियानं पिशवी डब्यात सोडली. देवाची माफी मागत, मान फिरवून. तिनं टाकली म्हणून मग सगळ्या गल्लीनं टाकली.

हनिया दोन आठवडे रिकामी गाडी घेऊन फिरली. मग एक मेंढी विकली, पुढच्या महिन्यात दुसरी. पाचवी गेली तेव्हा ती डेपोवर प्लास्टिक वेचायला लागली.

हिवाळ्यात एका सकाळी ती दारात उभी राहिली. गाडी नव्हती, छातीत खोकला होता, हातात एक पिशवी होती. मनूबियानं पिशवीची गाठ ओळखली. तिच्याच जुन्या झग्याच्या चिंधीची होती. आत पाव होता आणि पावाला डायपरची घाण लागली होती.

"मावशी, तुझा पाव. डेपोवर सापडला. पायाखाली जाताना बघवेना, म्हणून आणला."

"तो तर कारखान्यात जातो ना गं?"

"कसला कारखाना? कुंपण आहे आणि पाटी आहे. तपकिरी डबे, बाकीच्या कचऱ्याचे हिरवे डबे, एकाच ट्रकातून येतात आणि एकाच ढिगावर पडतात."

शादली मागेच उभा होता. "यंत्रं यायचीत, आई. दुसऱ्या टप्प्यात सगळं सुरू होईल."

"मग यंत्रं यायच्या आधी खिळा का मोडलास रे?" मनूबिया ओरडली. सव्वीस वर्षांत मी तिला पोरावर ओरडताना ऐकलं नव्हतं.

मग तिनं डोळे पुसले. "हनिये, उद्यापासून ये. पाव तुझ्या हातात देईन. बघते कोण अडवतंय!"

हनिया हसली. ते हसू मला हातोडीपेक्षा जास्त लागलं.

"घालू कुणाला, मावशी?"

ती गेली. त्याच दुपारी शादलीनं पकड आणून मला सरळ करायचा प्रयत्न केला. निम्मा वर आलो. पिशव्या पुन्हा लागल्या, पण न्यायला कुणी येत नाही. पावाला बुरशी चढते, मुंग्या लागतात, आणि चौथ्या दिवशी मनूबिया तो स्वतःच डब्यात टाकते. हल्ली ती मान फिरवत नाही.

बाबांनो, मला सरळ करून काय उपयोग? डेपोवर हनिया नावाची एक बाई प्लास्टिक वेचते, खूप खोकते. जमलं तर तिला एक मेंढी घेऊन द्या.