डबल बेल

श्रीमंतरावांची उभी हयात नांदेड-लातूर रस्त्यावर एसटी चालवण्यात गेली. गाडी कधी पाच मिनिटं लेट केली नाही, ही त्यांची घरातली कायमची फुशारकी. आणि आज, सुनेचा, उज्वलाचा, जीव टांगणीला लागलेला असताना, हाच माणूस दर थोड्या वेळानं जीपच्या डॅशबोर्डवर थाप मारून म्हणत होता, "खाजा, घे रं जरा बाजूला."

आणि खाजा घेत होता. जीप त्याची, चालवणारा तो, भाडं मात्र उज्वलाच्या घरचं; पण तिचं ऐकायचं त्याच्या मनातच नव्हतं. पहाटे हिमायतनगर सोडताना तिनं त्याला तीनतीनदा बजावलं होतं की तीनच्या आत लातूर गाठायचं, मधे कुठं थांबायचं नाही. "हाव बाई," असं तो इतक्या गोडीनं म्हणाला की तिथंच तिला संशय यायला हवा होता.

तिच्या घाईला कारणही तसंच होतं. मागच्या सीटवर गादीच्या वळकटीला टेकून बसलेली तिची मुलगी शिवकांता दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली होती आणि अकरावी सायन्सला, म्हणजे ओघानंच क्लासला, लातुरात राहणार होती. त्या काळात लातूरला पोरं पाठवायची साथच आली होती. कापूस विका, म्हैस विका, पण पोरगं लातूरला पाठवा. त्यामुळे खोल्यांना सोन्याचा भाव. उज्वला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मे महिन्याच्या सुट्टीत ती उन्हातान्हात अख्खं लातूर पालथं घालून आली होती आणि शेवटी तिला हवी ती खोली सापडली होती. सुमनबाई नावाच्या एका विधवा बाईच्या अंगणात, खाली, वर पत्रे असलेली.

पत्रेच हवे होते. स्लॅब नको, माडी नको, दगडी भिंत तर नकोच. उज्वलाचं माहेर औशाकडचं. दहा वर्षांपूर्वी गणपती बुडवून लोक झोपले आणि पहाटे जमीन हलली, तेव्हा तिची धाकटी बहीण सिंधु माळवदाखाली झोपलेली होती. दगड आणि माती, दुसरं काही त्या घरात नव्हतंच. त्या दिवसापासून उज्वलानं हिमायतनगरच्या अंगणात पत्र्याची एक लांबट खोली उठवली आणि सगळं घर तिथं झोपवलं. तिच्या नवऱ्यानं, वैजनाथनं, पुढं हौसेनं स्लॅबचं घर बांधलं. त्यात हरभऱ्याची पोती झोपत आणि माणसं पत्र्याखाली.

सुमनबाईनं स्पष्ट सांगितलं होतं, "तीनपर्यंत वाट बघीन. मग नांदेडची एक पोरगी हाय, तिला देऊन टाकीन. पुन्हा मला बोल लावू नका."

आता लोहा मागं पडला होता आणि जीप उभी होती एका बसपुढं. बस म्हणजे बसचा सांगाडा. चाकं काढून विटांवर बसवलेला, आत बाकडी, मागच्या दाराशी चूल. हॉटेलचा मालक भीमाशंकर एकेकाळी श्रीमंतरावांच्याच गाडीवर कंडक्टर होता. त्यानं आतली दोरी आणि घंटी जशीच्या तशी ठेवली होती. चहा हवा असेल तर दोरी ओढायची. आणि चहा पिऊन झाला तरी भीमाशंकरनं स्वतः डबल बेल दिल्याशिवाय कुणी उठायचं नाही, असा तिथला कायदा. ट्रकवाले हसत हसत तो पाळत. उज्वलाला हसू येत नव्हतं.

श्रीमंतराव सरळ ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोरच्या ज्वारीच्या रानावर.

"मामा, चला आता."

"बेल कुठं झाली?"

"मामा, ही गाडी विटांवर उभी आहे."

"असू दे की. ड्रायव्हरच्या मनात आलं म्हणून गाडी हलत न्हाई, सूनबाई. कोण चढलं, कोण उतरलं ते मागं कंडक्टरला दिसतं. ड्रायव्हरला पुढचा रस्ता तेवढा. बेल त्याची, गाडी माझी."

भीमाशंकर काही बेल देईना. तो शिवकांताला, म्हणजे शिवूला, कुठला विषय अवघड जातो ते विचारत बसला, आणि एरवी घरात तोंड न उघडणारी ती पोरगी त्याला रसायनशास्त्र समजावून सांगू लागली. दुसरा चहा आला. उज्वलानं तो न पिता उभ्याउभ्याच घंटीकडे डोळे लावले. शेवटी एकदाचं टिंग टिंग झालं तेव्हा ती आधीच जीपमध्ये जाऊन बसलेली होती.

माळाकोळीच्या पुढं रस्ता डोंगरात शिरतो. एका अंगाला बालाघाटाचे बोडके माथे, दुसऱ्या अंगाला सीताफळीची झुडपं आणि खाली लांबवर तळ्याचं चकाकतं पाणी. एरवी उज्वलानं खिडकीबाहेर डोकं काढून बघितलं असतं. आज तिला फक्त मनगटावरचं घड्याळ दिसत होतं. तेवढ्यात पुन्हा थाप.

"आता काय?"

"दगडांचा माळ. हितं न थांबता पुढं कसं जायचं?"

त्या माळावर एक शेंदूर फासलेला देव होता आणि त्याच्या आजूबाजूला, नजर जाईल तिथवर, दगडावर दगड रचलेले. ज्याला घर हवं त्यानं तिथं घर मांडायचं. दगड पडले नाहीत तर इच्छा पुरी होते, अशी समजूत. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण दोन तरी दगड ठेवतोच. उज्वला जीपमधून उतरलीच नाही. दगडावर रचलेला दगड तिला बघवत नसे. ती मान फिरवून बसली आणि मनातल्या मनात सासऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागली. या माणसाला तरी कळायला नको का? माझ्या बहिणीवर काय पडलं ते माहीत असून मला इथं आणतो?

शिवू मात्र उतरली होती. वाकून, निवडून, सपाट दगड शोधून तिनं एकावर एक तीन दगड रचले. आजोबा बाजूला उभं राहून सूचना देत होते. खाजाही खाली बसून बघत होता.

"तीन कशाला?" जीप सुटल्यावर उज्वला म्हणाली. "लोक दोन ठेवतात."

"असंच," शिवू म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

अहमदपूर येता येता एक विहीर आली. तिच्यात नाव घेऊन हाक मारली की विहीर तेच नाव परत देते, आणि हाक स्वच्छ परत आली तर परीक्षेत यश. "डॉक्टर शिवकांता म्हण, नुसतं शिवकांता नको," असं आजोबांनी सांगितलं आणि ती लाजली; मग तिथं बसलेल्या गुराख्यांनी तिच्या वतीनं हाका मारल्या. विहिरीनं 'डॉक्टर' गिळून टाकलं आणि 'कांता' तेवढं परत दिलं. मग पुन्हा हाका. उज्वला इतकी वैतागली की जीपचा हॉर्न तिनं स्वतः दाबून धरला. गुराखी तिच्याकडे टकामका बघत राहिले.

चाकूरला शिवूलाच भूक लागली. डबा होता, पण तिला दहीच हवं होतं. दही येईपर्यंत उज्वलाचं रक्त आटलं. पोरगी आजपासून घराबाहेर जेवणार, शेवटचं आपल्या पुढ्यात बसून खातेय म्हणून तिनं घाई केली नाही.

लातुरात पोचले तेव्हा साडेतीन होऊन गेले होते. सुमनबाईच्या अंगणात एक अनोळखी लोखंडी पेटी होती आणि पत्र्याच्या खोलीत एक अनोळखी मुलगी भिंतीवर वेळापत्रक चिकटवत होती.

"मी सांगितलं होतं," सुमनबाई म्हणाली. तिचं काही चुकलं नव्हतं.

उज्वला बाहेर रस्त्यावर आली आणि तिचा तोल सुटला. सून म्हणून आल्यापासून तिनं सासऱ्यापुढं कधी आवाज चढवला नव्हता. आज चढवला. भर रस्त्यात, येणारी-जाणारी क्लासची पोरं थांबून बघत असताना.

"तुम्हाला चहा हवा होता, मामा. तुम्हाला विहिरीशी बोलायचं होतं. माझ्या लेकीच्या डोक्यावर रात्री काय असणार आहे, त्याचं तुम्हाला काय? तुमचं कुणी गेलं नाही ना त्या रात्री. माझं गेलं. आता कुठं ठेवू हिला? सांगा, कुठं?"

श्रीमंतराव खाली मान घालून उभे होते. खाजा वाकून टायरमधला खडा काढू लागला, टायरमध्ये खडा नसताना.

"आबांना बोलू नको," शिवू म्हणाली. "उशीर करा म्हणून मीच सांगितलं होतं त्यांना."

उज्वलाला ते कळायलाच वेळ लागला.

"नाजिया आहे ना, खाजाचाचांची, ती राहते त्या होस्टेलमध्ये माझी कॉट धरून ठेवलीय तिनं. तिसरा मजला आहे. पत्र्याखाली दुपारी अभ्यास होत नाही गं आई. आणि," तिचा आवाज फाटला, "मला पत्र्याखाली झोपायचंच नाही आता. वारा सुटला, पत्रा वाजला की तू उठून बसतेस. तू उठलीस की बाबा उठतात, आबा उठतात. मी पण उठते आणि झोपल्याचं सोंग करते. मला सिंधुमावशीचा चेहरासुद्धा आठवत नाही, पण तिच्यासाठी मी रोज रात्री जागी असते."

"मग मला सांगायचं होतंस."

"कुणी सांगायचं? घरात कुणाची हिंमत आहे?"

उज्वलानं खाजाकडे बघितलं. खाजा टायर सोडून उभा राहिला. "बाई, माझी पण पोरगीच हाय तिथं वर," तो हळू म्हणाला. "मला भीती वाटत न्हाई, असं न्हाई."

तिला सगळ्यांचाच राग आला होता, आणि सगळ्यांत जास्त राग याचा की कुणावर काढावा तेच कळेना. तिनं वळकटीचं एक टोक उचललं. दुसरं शिवूनं उचललं. होस्टेल पुढच्याच गल्लीत होतं.

तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढताना ती भिंतीला हात लावत लावत चढली. खोलीत नाजिया होती. तिनं कॉटवर धुतलेली चादर अंथरून ठेवली होती. उज्वला त्या कॉटवर बसली, मग कुणाला न विचारता आडवी झाली आणि वर बघत राहिली. पांढराफटक स्लॅब होता. पंख्याचा हुक होता. ती रडली, आणि पोरींनी तिला रडू दिलं. उठल्यावर तिनं डोळे पुसले, दाराची कडी दोनदा लावून काढून बघितली, जिना किती पावलांवर आहे ते चालून बघितलं आणि नाजियाला सांगितलं की रात्री कडी लावू नका. नाजियानं "नाही लावणार, बाई" म्हटलं. ती लावणार हे उज्वलाला माहीत होतं. वर्गात अशा तोंडानं हो म्हणणाऱ्या पोरी तिनं पुष्कळ बघितल्या होत्या.

खाली श्रीमंतराव पुढच्या सीटवर जाऊन बसलेले होते. उज्वला त्यांच्या मागं बसली. खाजानं इंजिन चालू केलं आणि नुसताच बसून राहिला.

"चला की खाजाभाई. अंधार पडेल."

खाजानं श्रीमंतरावांकडे बघितलं. ते समोर रस्त्याकडे बघत होते.

"मामा, आता आणखी कशासाठी थांबायचं?"

"बेल कुठं झाली?" श्रीमंतराव म्हणाले. त्यांनी मान वळवली नाही. "कोण चढलं, कोण उतरलं, मला दिसत न्हाई. तुला दिसतं."

तिला पुन्हा वैताग आला. तिनं वर बघितलं. तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला टेकून शिवू उभी होती, हात हलवायचा की नाही या विचारात.

उज्वलानं हात बाहेर काढला आणि जीपच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. खाजानं गिअर टाकला.