लाल चिंध्यांच्या ओळीतले मुळे

माझ्या एका तरी शब्दावर विश्वास ठेवून दाखव, मग मानीन तुला. ढकलगाडी कधी बोलते का, असंच ना मनात? मग नको ऐकूस. पण बूड टेकलंच आहेस, तर ऐक. मला काय, पडून राहण्यावाचून दुसरा उद्योग नाही.

हो, मी ढकलगाडी बोलतेय. पुढे एक चाक, मागे दोन पाय, धरायला दोन दांडे आणि मधे हे पसरट पोट. जन्मभर भरत आणि रिकामं होत आलंय, पण त्यातला एक घास माझा नाही.

वेल्डरने मला घडवलं त्या दिवशी त्याचं बायकोशी वाजलं होतं. त्या रागात डावा दांडा बोटभर लांब राहिला. म्हणून मी अजून डावीकडे ओढते. लोक म्हणतात खोड आहे. खोड कसली, त्यांच्या घरातलं भांडण आहे ते, मी वाहतेय.

पहिला मालक गवंडी. नऊ वर्षं विटा, वाळू, खडी. एकदा धुतलं असेल तर शपथ! या वृद्धाश्रमाची भिंत बांधून झाली आणि माझं चाक वाकलं. मेल्याने मला भिंतीमागेच सोडलं आणि नवी आणली. गरज सरो, वैद्य मरो.

तिथून मला उचललं माळीणमावशीने. स्वयंपाकघरामागे भाजीचा मळा आहे, तो तिच्या हातचा. हातोडीने माझ्या अंगावरचं सिमेंट फोडलं, नवं चाक घातलं आणि म्हणाली, "चल गं बये, आपण दोघी सारख्याच, कुरकुरत का होईना पण चालणाऱ्या." तेव्हापासून शेणखत, पालापाचोळा, कोबीचे गड्डे. ओझं तेवढंच, पण वास बदलला. आणि मावशी माझ्याशी बोलायची. इतकं बोलायची की कधीकधी मुद्दाम चाक वाजवून मी तिला गप्प करायची.

एक सांगून ठेवते. मावशीच्या सासूने दागिने दिले थोरल्या सुनेला आणि धाकटीच्या, म्हणजे हिच्या, हातावर ठेवलं मूठभर मुळ्याचं बी. गुलाबी मानेचा, कोवळा, बिनदातांच्या म्हाताऱ्यालाही किसून खाता येईल असा मुळा. दरवर्षी मावशी चांगले वीसेक मुळे उपटायचीच नाही. त्यांना फुलू द्यायची, शेंगा धरू द्यायची, वाळल्यावर बी काढायची. त्या ओळीला लाल चिंध्या बांधायची. लाल चिंधी म्हणजे हात लावू नका. आचाऱ्याला ठाऊक, आश्रमातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक, मला ठाऊक. यंदा डब्यातलं जुनं बी उंदरांनी फस्त केलं होतं. म्हणजे उरलं ते त्या ओळीतच.

आणि नेमकी यंदाच कॉलेजची पोरं आली.

दर रविवारी बाराजण. अन्न कुठून येतं, वाया कसं जातं, जमीन कशी राखायची, हे शिकायला. बरोबर त्यांचे सर. सर उलट्या बादलीवर उभे राहून बोलायचे. पोरं वाईट नव्हती हं. फोटोपुरतं फावडं धरणारी दोघं-चौघं होती, पण बाकीची घाम गाळायची. त्यात एक उंच पोरगा, त्याला मी शिडी म्हणायची. आणि एक मुलगी, सदा हातात वही. सर शिंकले तरी लिहून घेईल अशी. ती वहीवाली.

त्या रविवारी मावशी दाढ काढायला गेली होती. सर म्हणाले, "आज दोन कामं. मळ्यातला कचरा वेचा. आणि खाण्याजोगं काही वाया जात असेल तर वाचवा." एवढं सांगून ते फोनवर बोलायला बाहेर गेले.

सकाळी वहीवालीने कचरा वेचला. प्लास्टिक, दोऱ्या आणि लाल चिंध्या.

दुपारी तीच ओरडली, "अरे बघा, इतके मुळे जून होऊन चाललेत! कुणी काढलेच नाहीत." अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय. सगळे भिडले. भराभरा उपटले, शेंगांचे शेंडे कापून खताच्या खड्ड्यात टाकले आणि मुळे माझ्या पोटात.

मी काय करणार? एकच विद्या येते मला. डावीकडे कलंडले. सगळे मुळे वाटेवर.

"म्हातारी झालीय ही, पेलत नाही तिला," शिडी म्हणाला. पुन्हा भरले. मी पुन्हा कलंडले. मग मेल्याने डावा दांडा घट्ट धरला. तिथे माझी अक्कल संपली.

स्वयंपाकघरात आचाऱ्याने सुरी घातली, ती अडकून बसली. "मुळे आणलेत की धुणं बडवायच्या मोगऱ्या? इथे बत्तीस दात मोजायला पाच म्हातारे एकत्र बसवावे लागतात, आणि त्यांना हे चावायला देऊ?" पोरं हसली. मग आचाऱ्याने एक मुळा उलटा करून मान पाहिली, आणि त्याचा चेहरा उतरला. "कुठल्या ओळीतले रे हे?"

तेवढ्यात मावशी आली. गाल सुजलेला, तोंडात कापूस. बोलता येईना. ओळीपाशी उभी राहिली. मग खताच्या खड्ड्यात उतरली आणि दोन्ही हातांनी उकरायला लागली.

"मावशी, काय शोधताय?" वहीवाली धावत आली.

मावशीने कापूस काढला. "माझं बी."

पोरीच्या लक्षात यायला एक क्षण लागला. "त्या चिंध्या... मीच काढल्या. मला कचरा वाटला."

"एवढं लिहितेस. एकदा विचारायचंस."

"तुम्ही पण कुणाला सांगितलं नव्हतं!"

"मला विचारलं कुणी, तुझ्या सरांनी?" मावशी म्हणाली आणि पुन्हा कापूस कोंबला.

वहीवाली वही बाजूला ठेवून खड्ड्यात उतरली. शेंडे मिळाले, पण शेंगा अजून हिरव्या होत्या. तरी मावशीने जुड्या बांधून अवजारांच्या खोलीत उलट्या टांगल्या. पिकल्या तर पिकल्या.

बाकीच्यांचे तास भरले, प्रमाणपत्रं मिळाली, गेले. वहीवाली मात्र येत राहिली, आठवड्यातून तीनदा. मावशी तिच्याशी एक शब्द बोलायची नाही. बोलायची माझ्याशी. लेकी बोले सुने लागे! "गाडे, सांग तिला, खिडकी उघडी ठेव म्हणावं, बुरशी धरेल." पोरगीही वस्ताद. "गाडे, विचार त्यांना, शेंगा कधी फोडायच्या?" पाच आठवडे दोघींची बोलणी माझ्या पोटावरून जायची. गंजकी मी, पण एवढा मान कधी मिळाला नव्हता.

शेंगा वाळल्या. दाणे निघाले ते सुरकुतलेले, पोचट. चाळीसच पेरण्याजोगे. गोगलगायींच्या भीतीने मावशीने ते जमिनीत पेरले नाहीत. माझ्याच पोटात माती भरली, तळाला भोकं पाडली आणि त्यात पेरले. दुखलं का, हे कुणी विचारलं नाही.

चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशीही नाही. मावशीने बघायला येणंच सोडलं. वहीवाली मला सकाळी उन्हात ढकलायची, दुपारी सावलीत ओढायची, डावीकडच्या ओढीला सांभाळून.

आज सकाळी ती वाकली आणि मोजत राहिली. मग धावत जाऊन मावशीला हात धरून घेऊन आली.

सहा. चाळिसातले सहा.

मावशीने एकेका कोंबावरची माती बोटाने बाजूला केली. मग मान वर केली आणि सरळ त्या पोरीकडे बघून म्हणाली, "उद्या लवकर ये गं. पाणी झारीने नको, हातानेच घालू. सहाही जगले तर पुढच्या वर्षी आपल्याला ओळभर होतील."

'आपल्याला' म्हणाली हं.

तेव्हापासून दोघी तिकडे बसून बोलतायत आणि माझ्याशी कुणी बोलत नाही. असू दे. विटा वाहिल्या, खत वाहिलं, आता हे सहा वाहतेय. जागेवरच उभी आहे, तरी इतकी थकवा आणणारी खेप आजवर झाली नव्हती. चाक झिजलंय, तळ गळतोय. एवढे सहा मोठे होऊन जमिनीत जाईपर्यंत मी टिकले, की मला भंगारात घाला, नाही म्हणणार नाही.

झालं सांगून. ऊठ, जा आता. कधीची या सहांच्या उन्हात येतेय तुझी सावली.